डबीवर ‘फोर-के’ छापणाऱ्या विक्रेत्यास

विक्रेते महाशय,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. मी ते शब्द गाळतोय, कारण मनात नाही ते कागदावर छापायची सवय तुमची आहे, माझी नाही.

टीव्हीवरचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर उतरवून ठेवण्यासाठी तुम्ही जे कॅप्चर कार्ड विकता, ते माझ्यासमोर टेबलावर पडलंय. अंगठ्याएवढी काळी डबी. एका तोंडाला एचडीएमआय, दुसऱ्या तोंडाला यूएसबीची पिन. डबीवर मोठ्या अक्षरांत ‘४के’ आणि ‘यूएसबी ३.०’. पिनेच्या आतलं प्लास्टिक निळं, म्हणजे गिऱ्हाइकानं ते यूएसबी ३.० चंच समजावं. टॉर्च लावून आत पाहिलं तर धातूच्या पट्ट्या चारच. खऱ्या यूएसबी ३.० च्या पिनेत नऊ असतात. उरलेल्या पाच पट्ट्यांचं काम तुम्ही निळ्या रंगावर भागवलंत.

आता ‘४के’चं बघू. ही डबी ४के चित्र आत घेते, हे खरं. पण कॉम्प्युटरकडे पाठवताना ते १९२० बाय १०८० एवढं लहान करते. तेवढं चित्र सेकंदाला ३० वेळा, न दाबता पाठवायचं तर जवळपास १००० मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची कागदावरची कमाल आहे ४८०. म्हणून आतली चिप प्रत्येक फ्रेम जेपेग फोटोसारखी दाबून पाठवते. स्वस्तातल्या असंख्य डब्यांत एमएस२१०९ ही चिप असते, आणि ती यूएसबी २.० ची आहे हे चिप बनवणाऱ्यानं कधी लपवलेलं नाही. तीच चिप स्टीरिओ आवाज मोनो म्हणून कॉम्प्युटरला कळवते, हेही माहितगारांना ठाऊक आहे. तुम्ही आत काय जातं तो आकडा छापता आणि बाहेर काय येतं तो गिळता. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बाहेर येणाऱ्या चित्राचे.

आपल्याकडचं प्रक्षेपण ५० च्या हिशेबातलं आहे: सेकंदाला २५ फ्रेम किंवा ५० फील्ड. रेकॉर्डिंग ३० किंवा ६० वर ठेवलं की झांजा वाजवणारा हात सरळ फिरत नाही, मध्येच अडखळतो, आणि पडद्याखालून सरकणारी बातम्यांची पट्टी झटके खात जाते. सॉफ्टवेअरमध्ये २५ किंवा ५० निवडा, हे एक वाक्य तुमच्या माहितीपत्रकात मावलं असतं. तिथे तुम्ही गेम खेळणाऱ्या मुलाचा फोटो छापलात.

पण माझा खरा राग तुमच्या तिसऱ्या दाव्यावर आहे: ‘कोणत्याही सेटटॉप बॉक्सला चालते.’ आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं भजनी मंडळ टीव्हीवर लागणार होतं. त्यांनी ती ओळ वाचून डबी घेतली. आदल्या संध्याकाळी जोडून पाहिली तर कॉम्प्युटरवर नुसता काळा पडदा, म्हणून त्यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘कार्यक्रम सुरू झाला की चित्र येईल.’ चित्र आलं नाही. बॉक्सच्या एव्हीच्या तीन वायरी टीव्हीला लावून सगळ्या जणी कार्यक्रम बघत बसल्या आणि हार्ड डिस्कवर अर्धा तास काळा पडदा साठत राहिला. नंतर तुमचं उत्तर बदललं: ‘तुमचा कॉम्प्युटर जुना आहे.’

कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता. सेटटॉप बॉक्स एचडीएमआयमधून एचडीसीपीचं कुलूप लावून चित्र सोडतो, आणि कुलूपबंद चित्र कॅप्चर कार्डाला दिसत नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नसेल तर या धंद्यात बसायचा तुम्हाला अधिकार नाही. त्या दिवशी टीव्हीला लावलेल्या एव्हीच्या वायरींवर हे कुलूप नसतं. साधं एव्ही कॅप्चर कार्ड तिथे लावलं असतं तर ७२० बाय ५७६ चं चित्र मिळालं असतं. एचडी नाही, पण चेहरे ओळखू आले असते, अभंग ऐकू आला असता. ती वस्तूही तुमच्याच दुकानात होती.

स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नं मुभा दिलेली आहे. काकू चोरी करायला निघाल्या नव्हत्या. आणि हा कार्यक्रम पुन्हा कधी लागेल, लागेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. बिघडलेला मिक्सर बदलून देता येतो. ती अर्ध्या तासाची ध्वनिचित्रफीत तुम्ही कुठून आणून देणार?

तुमच्या शोकेसमध्ये अजून जुनी ॲनालॉग टीव्ही ट्यूनर कार्डंही दिसली. मुंबईत ॲनालॉग केबलची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ला संपली, पुण्या-नागपुरात ३१ मार्च २०१३ ला. ती कार्डं कोणाच्या माथी मारायची ठरवलंय?

तुम्ही गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायला हवा होता: घरी टीव्ही येतो कुठून? डीडी फ्री डिश असेल तर त्यावरच्या एमपेग-२ वाहिन्यांना कुलूप नसतं. अशा घरी कॅप्चर कार्ड विकूच नका, डीव्हीबी-एस२ ट्यूनर द्या. छत्रीची वायर थेट त्यात जाते आणि आकाशातून आलेला प्रवाह जसाच्या तसा फाइलमध्ये उतरतो, दर्जा तसूभर कमी होत नाही. खासगी डीटीएच किंवा केबलचा बॉक्स असेल तर एव्हीचं कार्ड द्या आणि एचडी मिळणार नाही हे तोंडावर सांगा. स्वतःच्या कॅमेऱ्यातून एचडीएमआयनं चित्र घ्यायचं असेल, तर ही काळी डबी चालेल. तेव्हाही बाहेर १०८० मिळतं, हे सांगून द्या.

माझ्या मागण्या तीन. ‘कोणत्याही सेटटॉप बॉक्सला चालते’ ही ओळ काढा. ‘४के’च्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ‘रेकॉर्डिंग १०८०, यूएसबी २.०’ छापा. आणि काकूंचे पैसे परत करा. पावती त्यांच्याकडे आहे, डबी माझ्याकडे. शनिवारी दोन्ही घेऊन आम्ही दुकानात येतोय.

तुमचा नव्हे, तुमच्या गिऱ्हाइकांचा,
एक शेजारी