ट्रंकेवरचा पासवर्ड

स्पर्श ही संरक्षण दलांतून निवृत्त झालेल्यांना पेन्शन देणारी केंद्र सरकारची संगणकीय व्यवस्था आहे. 'सिस्टिम फॉर पेन्शन अॅडमिनिस्ट्रेशन (रक्षा)' हे तिचे पूर्ण नाव. ते एका दमात म्हणता येणाऱ्याची छाती भरतीला पास व्हावी. कारभार संरक्षण लेखा विभागाकडे आहे आणि मुख्य दप्तर प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन्स) कार्यालयात. 2021 पासून ती टप्प्याटप्प्याने लागू होत गेली आणि आज 30 लाखांहून अधिक पेन्शनर तिच्यावर आहेत. त्याआधी बहुतेकांची पेन्शन बँक काढत असे. बँकेत निदान काउंटरपलीकडे एक माणूस बसलेला असायचा, त्याला 'नमस्कार साहेब' म्हणता यायचे. स्पर्शवर साहेब नाही, लॉगिन आहे. जुन्या पेन्शनरांची बँकेतून स्पर्शवर बदली झाली ती त्यांना न विचारता. फौजेतल्या बदल्याही विचारून होत नसत, त्यामुळे बदलीचे कुणाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते पासवर्डचे.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत अशा ऑनलाइन खात्याची ओढ जास्त असण्याला भूगोल कारण आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला, म्हणजे समुद्राच्या काठी. हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी. कर्जतहून रेल्वे मुंबईला जाते, पुण्याला जाते, खोपोलीला तर खास फाटा फुटतो. अलिबागला मात्र ती कुठूनच जात नाही. मग पेण किंवा पनवेलमार्गे एसटी बदलत जायचे आणि पोचल्यावर कळायचे, की एक झेरॉक्स कमी आहे. घरबसल्या काम होणार म्हटल्यावर कशेळे, कडाव, चौक, वावोशी इथले पेन्शनर खूश झाले नसते तरच आश्चर्य. घरी रेंज येत नाही, ही अडचण पुढची.

खाते सुरू करण्यासाठी लागणाऱ्या वस्तू अशा: पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आधार, पॅन, बँकेचे पासबुक, ईमेल, आणि चालू मोबाइल नंबर. पीपीओ बहुधा डिस्चार्ज बुकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती देवघराच्या खालच्या फळीवर असते. कर्जतचा पाऊस पाहता ही व्यवस्था योग्यच म्हणावी लागेल. ईमेल असतो, पण तो नातवाने काढून दिलेला असतो. त्याचा पासवर्ड नातवाच्या डोक्यात आणि नातू पुण्याच्या होस्टेलवर.

मोबाइल नंबराचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. आधारला कधीकाळी जोडलेला नंबर मुलाचा निघतो, कारण तेव्हा घरात एकच फोन होता. आधारचा ओटीपी दहा मिनिटे जिवंत असतो. त्या दहा मिनिटांत मुलगा सकाळच्या कर्जत लोकलमध्ये ठाण्याच्या आसपास दोन माणसांच्या मधोमध उभा असतो. फोन खिशात, एक हात कडीला, दुसरा डब्याच्या पिशवीत. खिशातला फोन थरथरतो हे त्याला कळते, पण हात खाली आणायला मुलुंड यावे लागते. उंबरखिंडीत फेब्रुवारी 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची अख्खी फौज अडवली, ती जागा याच खालापूर तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात आता सहा आकडे अडतात. उपाय साधा: आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर स्वतःच्या आधारला जोडून घेणे. पहिले काम हेच. बाकी सगळे यानंतर.

लॉगिन झाले की पीडीव्ही, म्हणजे पेन्शनरच्या माहितीची पडताळणी येते. नाव, जन्मतारीख, नोकरीची वर्षे, रँक, बँक खाते, कुटुंब, सगळे पडद्यावर दिसते. बरोबर असेल ते मान्य करायचे, चुकले असेल ते कळवायचे. इथे असे आढळते, की फौजेत गेला तो एक माणूस होता आणि रेशन घेतो तो दुसराच.

याचे मूळ भरतीच्या दिवसात आहे. समोर अठरा वर्षांचा पोर, टेबलामागे परमुलखातला कारकून. पोराने नाव सांगितले, बापाचे सांगितले. कारकुनाने कानाला लागले तेवढे इंग्रजीत उतरवले. कधी आडनाव राहून गेले, कधी बापाचे नाव आडनावाच्या जागी बसले. त्याच नावाने पुढे सतरा-अठरा वर्षे हजेरी झाली, रजा मिळाली, पदके मिळाली. गावी आल्यावर आधार निघाले ते शाळेच्या दाखल्यावरून. संगणकाला सियाचीनमध्ये कोण होता याच्याशी कर्तव्य नसते; त्याला दोन्हीकडे अक्षरे सारखी हवी असतात.

पत्नीचे नाव त्याहून अवघड. माहेरचे एक, लग्नात तांदळावर लिहिलेले दुसरे, आणि पलटणीतल्या कारकुनाने पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या नोंदीत, चढवलेले तिसरे. एका कागदावर 'लक्ष्मीबाई', दुसऱ्यावर 'लक्ष्मी', तिसऱ्यावर 'लक्षुमी'. जन्मतारखेची तीच कथा. महाराष्ट्रातल्या एका पिढीचा जन्म गुरुजींच्या कृपेने 1 जूनला झाला आहे. आधार काढताना ज्यांनी फक्त साल सांगितले, ते 1 जानेवारीला जन्मले. फौजेच्या कागदावर आणखी तिसरीच तारीख सापडते, आणि ती बहुधा खरीही नसते. पण दुरुस्तीचा मार्ग आहे. आधारमधली चूक आधार केंद्रावर सुधारते. फौजेच्या नोंदीतली चूक ज्या त्या रेकॉर्ड ऑफिसमधून. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला लिहावे, महार रेजिमेंटवाल्यांनी सागरला, तोफखानेवाल्यांनी नाशिक रोडला. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून पत्राची प्रत आणि पोचपावती जपून ठेवावी; देवघराखालची पिशवी आहेच.

यानंतर पासवर्ड. त्यात एक मोठे अक्षर, एक लहान, एक आकडा आणि एक खूण असावी, असा सरकारी खात्यांचा सर्वसाधारण आग्रह असतो. युद्धघोष घालावा असे अनेकांच्या मनात येते, परंतु 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' हे चौकटीत मावत नाही. मग बहुतेकांचा विचार सर्व्हिस नंबरावर येऊन थांबतो. तो नंबर झोपेतून उठवून विचारला तरी अचूक येतो, बायकोचा वाढदिवस येत नाही. अडचण अशी, की तोच नंबर ओटीवरच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात, वीतभर अक्षरांत, नाव आणि रँकसकट रंगवलेला असतो. ट्रंकेवर आता गोधड्यांची चळत असते, पण नंबर झाकेल इतकी ती कधीच खाली येत नाही. दूधवाला रोज सकाळी भांडे पुढे करताना तो वाचतो. पोस्टमन वाचतो. निवडणुकीला मत मागायला येणारे सर्व पक्षांचे उमेदवार वाचतात. ज्यांनी सर्व्हिस नंबर टाळला, त्यांनी पासवर्ड लक्षात राहावा म्हणून कालनिर्णयच्या मागच्या बाजूला दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला असतो, आणि नवे वर्ष लागले की कालनिर्णय बदलते. जानेवारीत अनेक पासवर्ड अशा रीतीने रद्दीत जातात.

हे सगळे जमत नसेल त्यांच्यासाठी सीएससी, म्हणजे सामायिक सेवा केंद्रे, काही बँकांच्या शाखा आणि संरक्षण पेन्शन वितरण कार्यालये स्पर्शची सेवा केंद्रे म्हणून नेमलेली आहेत. तिथले शुल्क विभागाने उचलायचे, असे धोरण ठरले आहे. केंद्रातला मुलगा भराभरा टाइप करतो आणि मान वर न करता विचारतो, "काका, पासवर्ड काय ठेवू?" काका म्हणतात, "तुला बरा वाटेल तो ठेव." या एका वाक्याने सुरक्षित खाते सार्वजनिक होते. फॉर्म त्याने भरावा, पासवर्ड मात्र काकांनी स्वतःच्या बोटाने टाकावा, आणि त्या वेळी मुलाला चहा सांगायला पाठवावे.

खाते उघडले म्हणजे संपले असे नाही. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कळवावे लागते. त्यासाठीचे डिजिटल जीवन प्रमाणपत्र 10 नोव्हेंबर 2014 पासून आहे. सर्वसाधारणपणे ते नोव्हेंबरात देतात. 80 वर्षांवरील केंद्रीय पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच देता येते. आधी अंगठा लावावा लागे. पण भातलावणी आणि बांधबंदिस्ती करून अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. यंत्र म्हणे, बोट दिसत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये चेहरा ओळखण्याची सोय आली. फोनच्या पडद्यावर एक गोल येतो, त्यात चेहरा धरायचा आणि सांगितले की डोळे मिचकवायचे. सुभेदारसाहेब ओटीवर खुर्ची टाकून सावधान बसतात. नात फोन धरते. फोन म्हणतो, डोळे मिचकवा. साहेब डोळे वटारतात. आयुष्यभर कुणी फोटो काढताना 'हलू नका' असेच सांगितलेले. नात म्हणते, "आजोबा, डोळे मिटा आणि उघडा." साहेब मिटतात आणि मिटूनच घेतात. आतून आजी म्हणते, "अहो, फोटो काढायचा म्हणून झोपलात की काय?" साहेब दचकून डोळे उघडतात, तेवढ्यात गोल हिरवा होतो. माणूस जिवंत असल्याचा निर्वाळा त्याच्या बायकोने दिला, अशी नोंद मात्र पोर्टलवर होत नाही.

जीवन प्रमाणपत्र भरताना पेन्शन देणारी संस्था निवडायची असते. तिथे सवयीने जुन्या बँकेचे नाव टिचकवले, तर माणूस जिवंत राहतो, पण चुकीच्या दप्तरात. निवड स्पर्शची करायची. शहराचे नाव 2018 साली प्रयागराज झाले असले, तरी कार्यालय अलाहाबाद या जुन्या नावानेही यादीत भेटते. ते वाचून मागे फिरू नये. या गोष्टी किरकोळ नाहीत. एप्रिल 2022 मध्ये 58 हजारांहून अधिक पेन्शनरांची वार्षिक ओळख दप्तरी दिसेना आणि त्यांची पेन्शन अडली. शेवटी संरक्षण मंत्रालयाने एकवार सूट देऊन ती जमा केली आणि ओळख पटवायला 25 मेपर्यंत मुदत दिली.

अन्य सुविधांची खाती वेगळी. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात; मुलींना दरमहा 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात. त्याची कागदपत्रे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तपासते, म्हणजे अलिबाग काही सुटत नाही. 1 एप्रिल 2003 पासून चालू असलेल्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे कार्ड निराळे. सगळ्यांचे पासवर्ड विसरले जातात. कॅन्टीन कार्ड कुठे आहे, हे मात्र विसरल्याचे ऐकिवात नाही. ते पेन्शनर विसरला, तरी मेहुण्याला माहीत असते.

राहिला चोरांचा बंदोबस्त. "पीसीडीएमधून बोलतोय, तुमचे जीवन प्रमाणपत्र संपले, आताच ओटीपी सांगा नाहीतर पेन्शन बंद," असा फोन येतो. आवाज अधिकाऱ्याचा, हिंदी रुबाबदार. ऐकणाऱ्याच्या टाचा आपोआप जुळतात आणि तोंडून 'जी सर' निघते. ज्या माणसाने रात्रीच्या पहाऱ्यावर आपल्याच कंपनी कमांडरला "थम! कौन आता है?" म्हणून बंदूक रोखून उभे केले आणि त्या रात्रीचा पासवर्ड ऐकल्याशिवाय पाऊल टाकू दिले नाही, त्याने घरच्या ओसरीवर तोच पासवर्ड फोनवरच्या अनोळखी साहेबाला आपणहून सांगावा, ही शिस्तीची अधोगती आहे. खरे कार्यालय ओटीपी विचारत नाही. खऱ्या संकेतस्थळाचा शेवट जीओव्ही डॉट इन असा असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून तिथे जाऊ नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात निघून जातात.

शेवटची बाब पेन्शनरच्या पश्चात येते. कुटुंब निवृत्तिवेतन पत्नीला मिळते, आणि ते सुरळीत मिळावे यासाठी तिचे नाव व जन्मतारीख फौजेच्या नोंदीत, आधारवर आणि बँकेत एकच असावी लागते. पेन्शनचे खाते दोघांच्या नावे काढता येते. नसेल तर काढावे. बहुतेक घरांत पीपीओ कुठे आहे हे तिला माहीत असते, कारण तो तिनेच ठेवलेला असतो. लॉगिन कसे करायचे, हे मात्र तिला कुणी दाखवलेले नसते. म्हणून खाते उघडायला बसाल त्या दिवशी तिलाही शेजारी खुर्ची द्या, तिचे नाव तिच्याकडूनच वाचून घ्या, आणि तिचा मोबाइल नंबर तिच्या आधारला जोडा. तुमची पेन्शन चालू राहील की नाही, हे तुम्ही दर नोव्हेंबरात पाहालच. तिची चालू होईल की नाही, हे तुम्ही हयात असतानाच पाहून ठेवा.