शंभर टक्के साहेबांस

महोदय,


आपलं नाव मला ठाऊक नाही. ठाऊक आहे ती आपली पांढरीशुभ्र गाडी, तिच्यावरची हिरवी पाटी आणि चार्जरच्या पडद्यावर झळकणारा आपला आकडा, ९४ टक्के. गणपतीला गावी निघालेल्या गर्दीत, महाडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात आपण स्थानापन्न झाला होता. गाडी चार्जरला, स्वतः सुरमईच्या थाळीला. मागे आमची रांग. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, शंभर झाल्याशिवाय हात लावायचा नाय." हात लावून फायदाही नव्हता म्हणा. गाडीला कुलूप असेपर्यंत चार्जरची गन सुटत नाही. आपल्यासारख्यांची एवढी काळजी कारखान्यानेच घेतलेली असते.

त्याच पडद्यावर आणखी एक आकडा होता. तो आपल्या नजरेतून सुटला असावा, कारण सुरमईला काटे असतात आणि लक्ष तिकडे द्यावं लागतं. साठ किलोवॉटचा तो चार्जर आपल्या गाडीला जेमतेम सहा किलोवॉट देत होता. चूक त्याची नव्हती. लिथियमची बॅटरी रिकामी असताना भराभर वीज घेते. भरत आली की सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतो आणि गाडीतली यंत्रणा स्वतःच प्रवाह आवळायला लागते, नाहीतर सेल तापून खराब होतील. त्यामुळे दहावरून ऐंशीवर जायला जो पाऊण-एक तास लागतो, तेवढाच वेळ पुष्कळदा शेवटच्या वीस टक्क्यांना लागतो. त्या वीस टक्क्यांत आपल्या पदरी पडले पन्नास-साठ किलोमीटर. चिपळूण तर आपण त्यांच्याशिवायही गाठलं असतंत, आणि तिथे आणखी चार्जर आहेत. पण शंभर म्हणजे शंभर. शाळेत हुकले असतील, ते इथे मिळवायचे.

आम्ही चिंचपोकळीचे. आमच्याकडे गाडी चार्ज करून घराबाहेर पडणं हाच आधी एक पराक्रम असतो. सात रस्त्यापासून लालबागपर्यंतच्या गल्ल्यांत गाडी चाळीच्या खाली, रस्त्यावर उभी राहते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर सोडायची तर खालून जाणारा पहिला टेम्पोच ती गळ्यात घालून निघून जाईल. चाळ पाडून टॉवर झाला तरी सुख नाही. तिथे गाड्या यंत्राने एकीवर एक रचतात आणि आपली गाडी मधल्या पाळण्यात लटकलेली असते, जिथे प्लग पोचत नाही. सेक्रेटरींना विचारावं तर ते आधी आग लागेल म्हणतात, मग मीटर कुणाच्या नावावर ते विचारतात आणि शेवटी विषय सर्वसाधारण सभेवर ढकलतात. बरं, घरात साधा पंधरा अँपियरचा प्लग मिळालाच, तर तीन किलोवॉटच्या आसपास वीज येते. पंचेचाळीस युनिटची बॅटरी भरायला पंधरा तास. म्हणून निघायच्या आदल्या रात्री आमची गाडी भाड्याच्या जागेवर मुक्कामाला जाते. तिथे ती शंभर टक्के भरते, पण तेव्हा मागे कुणी ताटकळत नसतं, हा फरक आपण ध्यानात घ्यावा.

मग शिवडीला अटल सेतू. इथे मात्र सरकारचे आभार, ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या गाडीला टोल नाही, एका बाजूचे अडीचशे रुपये वाचतात. पुढे चिर्ले, पेण, वडखळ, आणि २०११ पासून जो होतोच आहे तो मुंबई-गोवा महामार्ग. पेण सोडल्यावर आपण मला सुसाट ओलांडून गेलात, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. ऐंशीचा वेग शंभर केला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि ही सगळी वसुली बॅटरीकडून होते. कागदावरचे चार-साडेचारशे किलोमीटर प्रयोगशाळेत रोलरवर चाकं फिरवून मोजलेले असतात. त्या रोलरवर मागच्या सीटला तीन माणसं नसतात, डिकीत मखर नसतं आणि मांडीवर नारळांची पिशवी नसते. आम्ही एसी लावून, ऐंशी-नव्वदच्या वेगाने पावणेतीनशेचा हिशेब धरतो. संगमेश्वरच्या पुढच्या गावापर्यंतचं अंतर तीनशेच्या घरात, म्हणजे वाटेत एकदा अर्धा तास थांबलं की भागलं. हे सगळं गणित फक्त आपल्या थाळीपाशी अडलं.

गंमत अशी की ज्या माणगावच्या कोंडीला सगळे शिव्या घालतात, ती विजेच्या गाडीला मानवते. पेट्रोलवाला जागच्या जागी इंजिन जाळत बसतो. आमचा एसी तासाला बॅटरीतले तीन-चार टक्के खातो, बाकी सगळं शांत. कशेडीचा घाटही आता बोगद्यामुळे टळतो. बाकीच्या चढांवर जे खर्च होतं त्यातलं थोडंफार उतारावर परत मिळतं. रस्ता, घाट, पाऊस या सगळ्यांशी गाडीने जुळवून घेतलंय. माणसांशी जुळवणं तिच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून यायचंय.

आता आपल्या बाजूनेही बोलतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. आपण शंभरला का चिकटून बसता हे मला कळतं. राज्याच्या विजेच्या गाड्यांविषयीच्या २०२५ च्या धोरणात महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय असेल असं लिहिलंय. नकाशावर ती बऱ्यापैकी दिसतेही. प्रत्यक्षात एका ठिकाणी लाइट गेलेली, दुसरीकडे दोन गनांपैकी एक बंद, तिसरीकडे वेगळं अ‍ॅप, वेगळं वॉलेट आणि ओटीपी येण्याइतकी रेंज नाही. एकदा पोळलेला माणूस पुढच्या चार्जरवर विसंबत नाही, मिळेल तिथे गळ्यापर्यंत भरून घेतो. भीती खरी आहे. पण त्या भीतीचं बिल आपण मागच्या माणसाच्या नावावर फाडता, आणि त्यालाही भीती वाटते हे विसरता. तोही मग पुढे जाऊन शंभरपर्यंत बसतो. अशाने चार चार्जर वाढवले तरी रांग तेवढीच राहील.

आमच्या चाळीत एके काळी मजल्याला एकच नळ होता आणि पाणी पहाटे यायचं, तेही किती वेळ याचा भरवसा नसायचा. भीती तिथेही होती. तरी हंडा भरला की बाजूला, मग दुसऱ्याचा नंबर, हा कायदा कुणी न लिहिता चालत असे. भरलेला हंडा नळाखाली ठेवून घरात जाऊन झोपण्याची कुणाची टाप नव्हती. झोपलाच तर शेजारच्या मावशी हंडा उचलून बाजूला ठेवायच्या, वर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, पण नळ एक मिनिट रिकामा राहत नसे. आपल्या सुदैवाने आपला हंडा नळाला कुलूप घालून बसतो आणि महाडला आमच्या मावशी नसतात.

आपल्यासारख्यांवर उपाय नाही असं नाही. टेस्लाने २०१६ च्या डिसेंबरातच आपल्या चार्जरवर भरून झालेली गाडी अडवून ठेवणाऱ्याला मिनिटाच्या हिशेबाने दंड लावला. श्रीमंत देशांतल्या सभ्य लोकांनाही दंडच कळतो, हे वाचून मला आपल्याविषयी जरा बरं वाटलं. एसटीने तर हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. १९४८ मध्ये ज्या पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेवरची पहिली 'शिवाई' सोडली. तिला आपल्या गनेसमोर ताटकळावं लागत नाही, कारण तिचा चार्जर तिचा आणि वेळापत्रकही तिचं. खासगी गाडीवाल्यासाठी कोकण रेल्वेनेही २०२५ च्या गणपतीत कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी गाड्या वाहून नेणारी गाडी सोडून पाहिली. भाडं गाडीमागे ७,८७५ रुपये. प्रतिसाद बेताचाच मिळाला. आपण मात्र तिचे आदर्श प्रवासी आहात. गाडी रेल्वेवर, टक्के जसेच्या तसे, आणि मागे कुणी हॉर्न वाजवत नाही.

ते जमणार नसेल तर निदान एवढं करा. महामार्गावर रांग असेल तर ऐंशीला गन काढा. रांग नसेल तर खुशाल शंभर करा, कुणाची हरकत नाही. जेवायला आत जाणार असाल तर काचेमागे मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवा आणि फोन आला तर उचला. थाळी अर्धी सोडून यायला कुणी सांगत नाही, किल्ली मुलाच्या हातात दिली तरी काम होतं. आणि चार्जर चालवणाऱ्या कंपन्यांना विनंती, गर्दीच्या दिवसांत ऐंशीच्या वर युनिटचा दर दुप्पट करा. साहेबांना माझं पत्र कळणार नाही, बिल कळेल.

आपला नम्र,
आपल्या मागचा, चिंचपोकळीकर