चाकांवरच्या ओट्याच्या शिल्पकारांस अनावृत पत्र

ग्राहकवत्सल, कॅराव्हॅन-बांधणी-धुरंधर, मॉड्युलर-किचन-भूषण, श्रीयुत कारखानदारसाहेब यांसी,



आपण आमच्या मिनीबसचं घर करून दिलंत. आम्ही दोघं निवृत्त माणसं, वर्षातले बरेच महिने त्या घरात राहतो, कधी कोकणात, कधी पार हिमाचलात. पलंग उत्तम आहे. खिडक्यांच्या जाळ्यांतून एक डास आत येत नाही. सुतारकामाला नाव ठेवायला जागा नाही. हे पत्र फक्त ओट्याबद्दल आहे, आणि ओट्याखालच्या कपाटाबद्दल.

पहिले आभार यासाठी, की आपण आम्हांला एकही प्रश्न विचारून त्रास दिला नाहीत. आम्ही काय खातो, दिवसातून कितीदा शिजवतो, रात्री गाडी कुठे लावतो, तिथे विजेचा प्लग असतो का, यातलं काही जाणून न घेता आपण ‘प्रीमियम किचन पॅकेज’ आमच्या पदरात घातलंत. २,००० वॉटची इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर, कॉफीचं यंत्र, घरगुती फ्रिज आणि काचेच्या टॉपची गॅसशेगडी. आम्ही भाकरी, पिठलं, वरणभात आणि दिवसभर चहा यांवर जगणारी माणसं आहोत. पण तो आमचा खासगी मामला, आपण त्यात डोकावला नाहीत.

आपल्या कारखान्यात झालेलं प्रात्यक्षिक तर डोळ्यांचं पारणं फेडणारं होतं. इंडक्शनवर बघता बघता पाणी उकळलं, आपण स्वतः कॉफी करून दिलीत. गाडीच्या पोटातून निघून भिंतीतल्या प्लगकडे गेलेली पिवळी वायर तेवढी आपण दाखवायची विसरलात. एवढ्या मोठ्या कामाच्या व्यापात असं होतंच.

त्या वायरीचं महत्त्व आम्हांला कुडाळच्या एका वायरमनने समजावलं. त्याबद्दलही आपलेच आभार, कारण आपण नसतात तर त्याची भेट झाली नसती. भाताला आधण ठेवलं की इन्व्हर्टर किंचाळून बंद पडायचा. वायरमन बॅटरीजवळ उकिडवा बसला, तारेभोवती क्लॅम्प मीटर लावला आणि मला इंडक्शन १,२०० वॉटवर ठेवायला सांगितली. मीटरवर १२० अँपिअरच्या आसपास आकडा आला. त्याने तार चिमटीत धरली आणि हात झटकन मागे घेतला. प्लास्टिक मऊ पडलं होतं. “मावशी, ही तार दिव्या-पंख्याची आहे. ह्या लोडला अंगठ्याएवढी जाड लागते,” तो म्हणाला.

मग त्याने बॅटरीचा हिशेब सांगितला, तो आपल्यासाठी इथे लिहिते. आपण दिलेली बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची, शिसं-आम्लाची. कागदावर १.८ युनिट. अशी बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी उरलं ०.९ युनिट. तेही दहा-वीस तास पुरवून, सावकाश वापरलं तर. एकदम १०० अँपिअरच्या वर ओढू लागलं की तेवढंही मिळत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टर मान टाकतो. इंडक्शन पूर्ण २,००० वॉटवर ठेवली तर अर्ध्या तासाला एक युनिट खाते. साहेब, आपण घागरभर पाणी देऊन आम्हांला शेत भिजवायला सांगितलंत.

छतावरच्या सोलर पॅनेलांचा उल्लेख राहिला, तर कृतघ्नपणा होईल. ३०० वॉटची पॅनेलं. लख्ख उन्हाच्या दिवशी त्यांतून सव्वा युनिटाच्या आसपास वीज येते. गाडी माडाखाली लावली किंवा आषाढातलं आभाळ असलं, की तीही नाही. जी येते तिच्यातली बरीचशी आपला घरगुती फ्रिज आणि त्याच्यासाठी अहोरात्र चालू ठेवावा लागणारा इन्व्हर्टर संपवतात. थेट १२ व्होल्टवर चालणारे फ्रिज बाजारात मिळतात, ही बातमी आपल्यापर्यंत पोचली नसावी.

मायक्रोवेव्हच्या खोक्यावर ८०० वॉट लिहिलंय. ते अन्नाला मिळणारे. भिंतीतून तो १,२०० च्या आसपास घेतो. एअर फ्रायर १,५०० घेतो. त्यात सध्या मी कांदे-बटाटे ठेवते.

आपल्या कल्पनेचा उगम मात्र मी शोधून काढला. अमेरिकेत अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळांवर गाडीला सरळ वीज जोडून मिळते. तिथला नेहमीचा जोड ३० अँपिअर, १२० व्होल्टचा, म्हणजे ३,६०० वॉटचा. त्याच्या भरवशावर तिथले लोक मायक्रोवेव्ह चालवतात. तरीही तिथल्या बहुतेक गाड्यांत शेगडी असते ती प्रोपेन गॅसची, कारण तळ सोडून रानात गेलं की त्यांनाही तोच हिशेब लागतो. आपण व्हिडिओ पाहून ओटा उचललात आणि त्याच्या मागची जोडणी तिकडेच ठेवलीत. महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कही आहेत, आणि तसे तळ जागोजागी व्हावेत ही माझीही मनापासून इच्छा आहे. पण आज आमचा मुक्काम असतो ढाब्यामागे, देवळाच्या आवारात, ओळखीच्याच्या बागेत. तिथे कुणी आपुलकीने प्लग दिलाच, तर तो ५ अँपिअरचा असतो.

इंडक्शनशी माझं वैर नाही. तिच्यात ज्योत नाही, धूर नाही, उष्णता वाया जात नाही. ती गाडीत हवी, तर ४८ व्होल्टची पाचेक युनिटांची लिथियम बॅटरी हवी, चालत्या इंजिनावर ती भरणारा चार्जर हवा आणि वायरमनने सांगितली तशी जाड तार हवी. याचा खर्च मोठा आहे. तो आकडा आधी सांगितला असता, तर गिऱ्हाइकाने आपलं आपण ठरवलं असतं. आपण शेगडी विकलीत आणि वीज गिऱ्हाइकाच्या नशिबावर सोडलीत.

उरला गॅस, आणि आमच्या जेवणाला खरं तर तोच सोयीचा. भाकरी तव्यावरून काढून आचेवर धरली की टम्म फुगते, वांगं भाजायला ज्योत लागते, आणि आमचा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन ओळखतच नाही. पेट्रोलपंपावरही मिळणाऱ्या ५ किलोच्या छोट्या सिलिंडरात ६० युनिटांच्या वर उष्णता साठवलेली असते. निम्मी वाया गेली तरी ३० युनिट भांड्यापर्यंत पोचतात. ते ०.९ च्या शेजारी मांडून पाहावेत. एक साधी दोन बर्नरची स्टीलची शेगडी, एक कुकर, एक लोखंडी तवा. एवढ्यावर आमचा संसार सुखाने चालला असता.

तेवढ्याने आपलं समाधान झालं नसतं, म्हणून काच आली. आंबोलीच्या घाटात ती तडकली, कारण ओट्याला भांडी अडवणारी कड नव्हती आणि बीडाची कढई सरकून तिच्यावर आदळली. होड्यांमधल्या शेगड्यांना असा कठडा असतो, दोन इंचांची पट्टी पुरते. आणि खिडकीतल्या वाऱ्याने ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह? तो आपल्या शेगडीत नाही. खिडकी मात्र बरोब्बर बर्नरसमोर आहे.

‘भेट’ म्हणून दिलेल्या, गॅसच्या डब्यावर चालणाऱ्या शेगडीचे आभार हिमाचलातल्या काझाहून मानले होते, पोचले नसावेत. त्या डब्यात ब्युटेन असतो. थंडी गोठणबिंदूजवळ आली की त्याचा दाब पार घसरतो, आणि गॅस निघू लागला की डबा स्वतःच आणखी गार होतो. ज्योत मलूल होत गेली. त्यात साडेतीन हजार मीटरच्या वर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ नुसती नाचत राहते. शेजारच्या घरातल्या बाईंनी त्यांच्या शेगडीवर आमचा कुकर चढवला, म्हणून आम्ही जेवलो.

इथवरचं सगळं पैशाचं आणि पोटाचं होतं. आता कपाट.

सिलिंडर ठेवायचं कपाट आपण फार सुबक केलंत. दाराला मऊ रबर, आतून सनमायका, कुठे फट म्हणून नाही. त्याचं दार उघडतं गाडीच्या आत, आमच्या पलंगाच्या पायथ्याशी. तळाला बाहेर जाणारं एकही भोक नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, गळला की खाली बसतो. त्याला वाट मिळावी म्हणून कपाटाच्या तळाशी गाडीबाहेर उघडणारी जाळी ठेवतात आणि कपाट आतल्या बाजूने बंद करतात. आपण नेमकं उलटं केलंत. गळलेला गॅस आधी कपाटात साठेल आणि दार उघडलं की आमच्या पायांशी येईल.

गॅसचा अलार्म आहे. तो आपण छताला लावलात, दिव्यांच्या रांगेत, शोभून दिसतो. जमिनीवर साचणारा गॅस त्या उंचीला पोचेपर्यंत ऐकायला कुणी शिल्लक राहायला हवं. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लागतो, तो दिलेलाच नाही. चिमणी आहे, पण तिला बाहेर जाणारी नळी नाही. ती धूर जाळीतून गाळून परत आमच्याच तोंडावर सोडते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, ती आपल्या सुंदर प्लायमध्ये मुरते आहे. बुरशी धरली आहे. बुरशी मी पुसून घेईन.

ऑगस्ट २०२३मध्ये मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वे डब्यात आग लागून ९ माणसं गेली. यात्रेला निघालेली माणसं होती, डब्यात चोरून आणलेला सिलिंडर होता. त्यांनी नियम मोडला होता. आम्ही तर तज्ज्ञाकडून, पावती घेऊन, पक्कं काम करून घेतलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि वाहनं तपासणाऱ्या ज्या एआरएआयमध्ये याबद्दल विचारता येईल, ती संस्था आपल्या कारखान्यापासून तासाभराच्या अंतरावर, पुण्यातच आहे. आपण तिकडे कधी गेलात का? हे मी रागाने विचारत नाही, कळकळीने विचारते.

आमची गाडी आम्ही दुरुस्त करून घेतली. कपाटाचं दार आता बाहेरून उघडतं, तळाला जाळी आहे, अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. पण आपल्या ऑफिसच्या भिंतीवर हार घातलेल्या कितीतरी गाड्यांचे फोटो आहेत, पुढे आजी-आजोबा, लहान मुलं उभी आहेत. त्या गाड्यांत हेच कपाट असेल, तर कृपा करून त्या सगळ्यांना फोन करा. वापर नसेल तेव्हा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवायला सांगा, खिडकी उघडी ठेवून शिजवायला सांगा, अलार्म खाली घ्यायला सांगा. गाड्या परत बोलवा आणि कपाटाचं काम एक पैसा न घेता करून द्या.

इंडक्शन आणि एअर फ्रायरच्या पैशांचं आपण नंतर बोलू. फोन आधी करा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपल्याच एका गाडीत राहणारी,
आपली गिऱ्हाईक