काका, फक्त एक सही!

प्रति,
राज्यातील, परराज्यातील आणि परदेशस्थ समस्त कर्तबगार पुतणे
(भाचे, जावई व 'अगदी घरच्यासारखे' शेजारी यांनीही हे पत्र आपल्यालाच आहे असे समजावे.)

विषय : काकांच्या कुलमुखत्यारपत्राबाबत आपण दाखवीत असलेली तत्परता.

महोदय,

आपल्या कामाचा उरक वाखाणण्यासारखा आहे. काकांचे गुडघे दुखू लागले, तलाठ्याकडे, बँकेत, सोसायटीत खेपा घालणे त्यांना जमेना, एवढे कानावर येण्याचा अवकाश, की आपण मुद्रांक आणि टाइप करून आणलेला मजकूर घेऊन हजर. काकांना हवे असते एकच काम : गावाकडच्या घराचे भाडे कोणीतरी वसूल करावे. त्यासाठी त्या एका कामापुरते विशेष मुखत्यारपत्र पुरले असते. पण आपण दूरदृष्टीचे. त्यामुळे मजकुरात दावे लावणे, तडजोडी करणे, कर्ज काढणे, जमीन गहाण टाकणे, विकणे आणि वर 'यात नमूद नसलेली इतर सर्व कृत्ये' करणे एवढेच असते. काका चष्मा शोधत विचारतात, ''काय लिहिलंय रे यात?'' त्यावर आपले उत्तर ठरलेले : ''काही नाही हो काका, फक्त एक सही.''

कायदा मात्र भलताच चौकस. 1872 चा करार कायदा म्हणतो, मुखत्यार नेमणारा माणूस सज्ञान आणि शुद्धीवर असला पाहिजे. नेमल्या जाणाऱ्याला ही अट नाही. अज्ञान मुलगासुद्धा मुखत्यार होऊ शकतो, फक्त झालेल्या नुकसानीबद्दल त्याला मालकापुढे जबाबदार धरता येत नाही. आपल्यापैकी काहींना हे कलम विशेष प्रिय असावे. त्याच कायद्यातले, मालकाने मागताच हिशेब देण्याचे कलम बहुधा आपल्या प्रतीत छापायचे राहून गेले आहे.

काकांच्या नावाने दस्त नोंदवायचा, तर नोटरीचा शिक्का पुरेल असे आपण धरून चालता. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे, काकांच्या वतीने दस्त हजर करण्याचा अधिकार देणारा कागद काका जिथे राहतात तिथल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर व्हावा लागतो. तिथे आपले फार चालत नाही. काका कॅमेऱ्यासमोर बसतात, टोपी काढतात, पुन्हा घालतात. अंगठ्याचा ठसा यंत्राला पटत नाही. आयुष्यभर घासलेल्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. कारकून बोट पुसायला सांगतो, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. ओळख पटवायला आलेले साक्षीदार घड्याळ बघतात. आणि मग तो अडचणीचा प्रश्न येतो : ''कागद तुम्हीच करून दिलाय ना? काय आहे माहिती आहे ना?'' काका आपल्याकडे पाहतात. आपण छताकडे.

काका अंथरुणाला खिळले असतील तर काय, ही आपली शंका रास्त आहे. तेव्हा निबंधकाने घरी येऊन खात्री करून घेण्याची सोय त्याच कायद्यात आहे. काका मुलाकडे न्यू जर्सीत असतील तर तिथला नोटरी किंवा भारतीय वकिलात चालते. कागद भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक लावून घ्यावा लागतो. राहिला मुद्रांकाचा खर्च. विक्रीचा अधिकार बिनमोबदला देताना महाराष्ट्रात जवळच्या नात्यांना सवलत आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, नातवंडे अशी ती यादी. पुतण्याचे नाव तिथे नाही. 'इतर जवळचे नातेवाईक' या शब्दांत त्याने स्वतःला बसवून घ्यायचे. नाही बसला, तर बाजारभावाने, खरेदीखतासारखे मुद्रांक शुल्क!

कुलमुखत्यारपत्र हाती आले म्हणजे घर आपले झाले, हा समज केवळ आपलाच नाही. दिल्लीकडे हजारो लोकांनी याच कागदावर प्लॉट 'विकले' नि 'घेतले'. 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले, की अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही. त्याला नोंदवलेले खरेदीखतच लागते. आप्तांना खऱ्याखुऱ्या कामासाठी दिलेल्या मुखत्यारपत्रांना त्या निकालाने धक्का लावलेला नाही, तेव्हा सज्जन पुतण्यांनी घाबरू नये.

आदर्शच हवा तर महादजी शिंद्यांचा घ्यावा. 1784 साली शाह आलम बादशहाने पेशव्यांना वकील-ए-मुतलक, म्हणजे आपला सर्वाधिकारी मुखत्यार, केले आणि त्यांचे नायब म्हणून महादजी दिल्लीचा कारभार पाहू लागले. 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली परत घेतली आणि त्या आंधळ्या बादशहालाच पुन्हा तख्तावर बसवले. दिल्ली ताब्यात होती, फौज हाताशी होती. आपल्यापैकी कितीजणांना हा मोह आवरला असता, हे विचारण्याचा उद्धटपणा या पत्रात केलेला नाही.

आता थोडी दुःखद वार्ता. आपल्या मजकुरातले 'कायमस्वरूपी व रद्द न होणारे' हे ठळक अक्षरांतले शब्द शोभेचे आहेत. मुखत्याराचा स्वतःचा त्या मालमत्तेत हितसंबंध नसेल, तर काका कधीही कागद रद्द करू शकतात. काका वारले की मुखत्यारी संपली. आणि सर्वांत वाईट म्हणजे काकांचे भान गेले तरीही संपली. सुनेला ओळखेनासे होणे, एकच बिल तीनदा भरणे हे सुरू झाल्यावर ज्या कागदाचा खरा आधार व्हायचा, तो नेमका तेव्हाच लुळा पडतो. इंग्लंडात 1985 च्या कायद्याने, क्षमता गेल्यावरही चालणारे मुखत्यारपत्र आणले. आपल्याकडे तसा कागद नाही. कोमात गेलेल्या नवऱ्याचे व्यवहार पाहण्यासाठी बायकोलासुद्धा उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यासाठी निकष घालून दिले, मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये अशाच एका पत्नीला पालक नेमले. इथे मात्र आपल्यावर हसण्यात अर्थ नाही. हे भोक कायद्याचेच आहे, आणि त्यात प्रामाणिक पुतणेही पडतात.

अप्रामाणिकांसाठी वेगळी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात मुखत्यार म्हणून दस्त नोंदवताना एक घोषणापत्र जोडावे लागते : लिहून देणारा हयात आहे, त्याने मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, आणि हे खोटे निघाल्यास नोंदणी कायद्याच्या 82 व्या कलमाखाली शिक्षेस आपण पात्र आहोत. शिक्षा 7 वर्षांपर्यंत. या कागदावर सही आपली असते. तीही फक्त एकच.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : काकांचे मृत्युपत्र त्यांचा मुखत्यार म्हणून आपण करून टाकावे, अशी सूचना काही उत्साही मंडळींकडून येते. ते चालत नाही. कोणाला काय द्यायचे, हे काकांनाच ठरवावे लागते, आणि साक्षीदार किमान दोन लागतात. काकूंना विचारून ठेवावे. त्यांच्या मनात काही नावे आहेत.