शेवटच्या रांगेला काही कळू नये म्हणून

गावात नवे बहुउद्देशीय सभागृह उभे राहिले की तिथे बोललेले शेवटच्या रांगेला समजू नये, याची तजवीज करणे वाटते तितके कठीण नाही. काही आयोजकांना ते उपजतच जमते. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

आवाजाचा विचार सर्वांत शेवटी करावा, म्हणजे छताला रंग लागून उद्घाटनाच्या पत्रिका छापायला गेल्यावर. तोवर जमिनीला गुळगुळीत फरशी, भिंतींना ग्रॅनाइट, एका बाजूला अखंड काच आणि प्लास्टिकच्या खुर्च्या एवढे झालेले असावे. पडदे लावू नयेत. ते धूळ धरतात असे कारण सांगावे. खरे म्हणजे ते आवाज धरतात.

या कामातला जुना शत्रू म्हणजे हार्वर्डचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन. तिथल्या फॉग आर्ट म्युझियमच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्यात वक्ता दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला असे. इतकी सुंदर अवस्था होती. 1895 मध्ये ती सुधारण्याचे काम सॅबिनकडे आले. सँडर्स थिएटरमधल्या बैठकींच्या गाद्या ते रात्री उचलून आणत, एकेक वाढवत आणि आवाज किती वेळ टिकतो ते मोजत. अंगावरचे कपडेही आवाज शोषतात हे ध्यानात आल्यावर प्रयोगासाठी त्यांनी एकच पोशाख ठरवून टाकला. खोलीचे आकारमान वाढले की घुमणे वाढते आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग वाढला की ते घटते, हे गणित त्यांनी मांडले. तेव्हा गादीच्या खुर्च्यांचा प्रस्ताव आलाच तर ‘अनावश्यक खर्च’ असा शेरा मारून परत पाठवावा.

समितीचा अभ्यासदौरा काढायचा असेल तर कुठेही काढावा, फक्त मुंबईत एनसीपीएच्या टाटा थिएटरकडे जाऊ नये. 1980 मध्ये सुरू झालेले हे प्रेक्षागृह सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाच्या सल्ल्याने अशा बेताने बांधले आहे की गवयाचा आवाज माइकशिवाय पोहोचावा. असले काही पाहून आलेले सदस्य बैठकीत प्रश्न विचारू लागतात.

खरेदीत डोळ्यांसमोर एकच आकडा ठेवावा, वॉटचा. वॉट दुप्पट केले तर आवाज 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळतो. उलट माइक तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला तर 6 डेसिबल फुकट मिळतात. फुकटच्या गोष्टीचे बिल निघत नाही, म्हणून हा उपाय वर्ज्य. शिवाय घुमणाऱ्या खोलीत वॉट वाढवले की घुमणेही तितकेच वाढते, हा वरचा लाभ.

स्पीकरची एक जोडी मंचाजवळ आणि दुसरी तीसेक मीटर मागे लावावी, पण मागच्या जोडीचा आवाज मुळीच उशिराने सोडू नये. तारेतला आवाज तत्क्षणी पोहोचतो, हवेतल्या आवाजाला 34 मीटर जायला सुमारे दशांश सेकंद लागतो. मागे बसलेल्याला त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि एकदाही कळत नाही. गॉटिंगेनच्या हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये दाखवून दिले होते की जो आवाज आधी पोहोचतो तिकडूनच सगळा आवाज येतो असे कान मानतो. म्हणजे मागचा स्पीकर मंचावरच्या आवाजानंतर किंचित उशिराने बोलला, तर ऐकणाऱ्याला वक्ताच बोलतो आहे असे वाटते. ही सोय आजकाल साध्या डिजिटल मिक्सरमध्येही असते. ते बटण ऑपरेटरला दाखवू नये.

मंचावर आठ पाहुणे असतील तर आठ माइक ठेवावेत आणि सगळे सताड उघडे. चालू माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी सुरू होण्याआधीची सवलत 3 डेसिबलने घटते. आठांवर 9 गेली. बोलणाऱ्याचा माइक आपोआप वर आणि बाकीचे खाली करणारा मिक्सर अमेरिकेत डॅन डुगन यांनी 1970 च्या दशकातच बनवला, पण मानाच्या पाहुण्यांचा माइक खाली करायचा म्हणजे अतिप्रसंगच. मुख्य वक्त्यांनी माइकची जाळी मुठीत घट्ट धरावी. तिच्या मागच्या फटी बुजल्या की एकाच दिशेचे ऐकणारा माइक चहूबाजूंचे ऐकू लागतो, स्पीकरचेसुद्धा, आणि शिट्टी हमखास वाजते. तेव्हा सर्वांनी ऑपरेटरकडे रागाने पाहावे. त्याला मंचामागच्या बंद खोलीत बसवलेले असेल तर तो राग त्याला दिसणार नाही, आणि सभागृहात काय ऐकू येते हे त्याला कळणार नाही.

एकच धोका उरतो. बोलणे किती समजते हे 0 ते 1 अशा मापात मोजता येते, आणि सार्वजनिक घोषणांसाठी 0.5 च्या वर असावे असा संकेत आहे. उपकरण नसले तरी कोणी शेवटच्या रांगेत कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि मंचावरून वाचलेल्या सुट्या शब्दांपैकी किती बरोबर लिहिता आले ते मोजतो. असा माणूस दिसल्यास त्याला आदराने पहिल्या रांगेत बसवावे, हार घालावा, आणि तक्रार लेखी आलीच तर पुढच्या अंदाजपत्रकात आणखी दोन मोठ्या स्पीकरची तरतूद करावी.