उभं राहण्याचा परवाना

सकाळी तापीच्या राजघाटावर कुणी नुसतं उभं राहून पाहावं. पाण्यातल्या दगडी हत्तीकडे दोन मिनिटं टक लावली, की मागून प्रश्न येतोच, "काय भाऊ, कोणाची वाट पाहून राह्यले?" कुणाचीच नाही, ऊन त्या हत्तीच्या पाठीवर कधी चढतंय ते बघतोय, असं सांगितलं तर विचारणारा काळजीत पडतो. घरी काही भांडण वगैरे? पण गळ्यात कॅमेरा असला, तर तोच गृहस्थ आपली सायकल चौकटीबाहेर ओढून घेतो आणि अदबीनं विचारतो, "कौनसे पेपर में आएगा?" हौशी माणसं फोटो का काढतात, याची उत्तरं पुष्कळ आहेत: सौंदर्याची ओढ, आठवणींची साठवण, चारचौघांची वाहवा. मला वाटतं, खरं कारण जरा लाजरं आहे. धडधाकट माणसानं कामाशिवाय कुठं थांबून डोळे भरून पाहणं आपल्याकडे अजून बसत नाही. कॅमेरा हा त्या थांबण्याचा परवाना.

आणि थांबायला बुऱ्हाणपूरसारखं गाव नाही. जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख आहे, खरबुजासारखा फुगलेला बेगमेचा मकबरा आहे, सातपुड्यातून झिरपणारं पाणी विहिरींना जोडलेल्या बोगद्यांतून शहराकडे आणणारा, 1615 च्या सुमाराचा कुंडी भंडारा आहे. लिफ्टनं जमिनीच्या पोटात उतरायचं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि चुन्याच्या थरांनी पांढऱ्या पडलेल्या भिंतींवर मोबाइलचा उजेड टाकत, तोल सांभाळत फोटो काढायचा. फोटो बहुधा काळाच येतो. पण मला जास्त कुतूहल आहे ते नदीपलीकडच्या आहुखान्याचं. 1631 च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथे बुऱ्हाणपुरात गेली, आणि जैनाबादच्या या बागेत सुमारे सहा महिने विसावली. डिसेंबरात तिला आग्र्याला नेलं. ताजमहाल इथेच व्हायचा होता, पण मातीला वाळवी होती, असं गावातली माणसं आजही जरा रुसून सांगतात. म्हणजे आग्र्यात ती आहे, संगमरवर आहे आणि फोटोसाठी रेटारेटी आहे. इथे ती नाही, पडक्या भिंती आहेत, आणि तरीही एखादा हौशी भर उन्हात गुडघे टेकून, एक डोळा मिटून, रिकाम्या जागेवर फोकस साधत असतो. त्याला विचारलं तर तो भिंतीवरच्या सावलीबद्दल बोलेल. कुणी तरी गेल्याच्या जागी थोडा वेळ काढावासा वाटला, हे कोण कबूल करतं!

हा छंद आपल्याकडे जुना आहे. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. तेव्हा काचेवर रसायन ओतायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही. नाड्या तपासणाऱ्या एका डॉक्टरानं एवढा खटाटोप कशापायी केला असेल? आमच्या घरी बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे वडील बटण दाबण्याआधी इतका विचार करत, की आत्या हसून हसून दमायची आणि फोटोत गंभीर यायची. आता मोबाइलमध्ये एका जिलबीचे चाळीस फोटो मावतात. 2014 साली लिंडा हेन्केल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो लोकांनी काढले, त्या त्यांना कमी आठवल्या; पण ज्यांच्या एखाद्या भागावर झूम केलं, त्यांच्या आठवणीला धक्का लागला नाही. राजघाटावर तासभर हत्तीचा एक कान न्याहाळणाऱ्यांना याचं फारसं नवल वाटणार नाही.

जिलबीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. बुऱ्हाणपूरची मावा जिलबी जाड, काळसर आणि पाकानं जड. रमजानच्या रात्री कढईपुढे गर्दी असते, आणि कारागिराचा हात तुपावर असा फिरतो, की सहीच करतोय जणू. त्याच्यापुढे रिकाम्या हातानं उभं राहिलं तर "कितनी तोलूँ?" असं दटावणीच्या सुरात येतं, कॅमेरा पाहिला की तो खांदे सरळ करतो, कपाळ पुसतो आणि पोराला बल्बखालून हटवतो. एकदा मी त्याचा फोटो छापून नेऊन दिला. त्यानं तो उजेडात धरला, लांबून पाहिला, जवळून पाहिला, शेजारच्या पानवाल्याला दाखवला. मग मान हलवत म्हणाला, "जलेबी तो बढ़िया आई है, पर मैं नीचे देख रहा हूँ. दूसरा निकालो." मी म्हटलं, वर पाहिलंत तर जिलबी बिघडेल. यावर त्यानं थोडा विचार केला आणि मला कढईशेजारचं स्टूल सरकवलं. "तो बैठो. बीच में कभी देख लूँगा."