श्री. नॉच-३ यांस अनावृत पत्र

मुक्काम : गुणसूत्र क्रमांक १९

सन्माननीय नॉच-३ जनुक महोदय यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या घराण्यावर आपली फार मर्जी. आजोबांकडे आलात, अण्णांकडे राहिलात आणि गेल्या वर्षीच्या रक्ततपासणीनुसार माझ्याकडेही मुक्कामाला आहात. मुलगा-मुलगी असा भेद आपण केला नाहीत. प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. मांजरी गावातली जमीन वाटताना भावकीने आत्यांना विचारलंही नव्हतं. आपण मात्र त्यांचा वाटा राखून ठेवलात. उपकार आहेत.

आपण वर्दी देऊन आलात, त्याबद्दलही आभार. तिशीतच अण्णांच्या डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेघ उमटायची आणि मागोमाग अर्धं डोकं ठणकायचं. आम्ही म्हणायचो, पित्त. आई सुंठ उगाळून कपाळाला लावायची. दवाखान्यातूनही वर्षानुवर्षं पित्ताच्याच गोळ्या आल्या. घरात कमी वयात पक्षाघाताचा झटका आलेलं कोणी आहे का, हे एकानेही विचारलं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिला झटका आला, पुढे आणखी दोन. एके संध्याकाळी मांजरीच्या रेल्वे फाटकात अण्णा भाजीची पिशवी घेऊन उभे होते. गाडी गेली, फाटक उघडलं, दुचाक्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या, तरी ते तिथेच. जन्म ज्या गावात गेला, तिथे घर कुठल्या अंगाला ते आठवेना. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. त्या दिवशी आपली खरी ओळख झाली.

आपली कारागिरी बारीक आहे, हे मान्य करावंच लागेल. आपल्या प्रथिनाच्या प्रत्येक घडीत सिस्टीन या अमिनो आम्लाचे सहा रेणू, म्हणजे तीन जोड्या. एक कमी-जास्त झाला की एकाची जोडी फुटते. मग ते प्रथिन मेंदूच्या बारीक धमन्यांच्या भिंतीत साचत जातं, तिथल्या स्नायूपेशी मरतात, भिंत जाड होते आणि आतल्या भागाला रक्त पुरेनासं होतं. एमआरआयची फिल्म खिडकीशी धरली, तेव्हा दोन्ही कानशिलांच्या आत पांढरे डाग दिसले, भिंतीला ओल धरावी तसे.

आपण फार वर्षं अनामिक राहिलात. पॅरिसमध्ये मारी-जर्मेन बूसेर आणि एलिझाबेथ तुर्निये-लास्सर्व यांच्या चमूने एकेका कुटुंबाच्या पिढ्या तपासल्या, १९९३ मध्ये आपलं गुणसूत्र हेरलं आणि १९९६ मध्ये आपल्याला नावानिशी पकडलं. आजाराचं नाव कॅडासिल. आपल्याला थोपवणारं औषध अजून नाही, म्हणून आपण निर्धास्त असाल.

पण महोदय, आपला वेग सगळीकडे सारखा नाही, हे आता उघड झालंय. चूक पहिल्या सहा घड्यांत असेल, तर झटका सरासरी बारा वर्षं आधी येतो, असं लायडनच्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळलं. ते आमच्या हातात नाही. मात्र एकाच घरात, एकाच बिघाडाचे दोन भाऊ वेगवेगळ्या वयात कोसळतात. धूम्रपान करणाऱ्यांना झटका लवकर येतो, वाढलेला रक्तदाबही आपल्याला साथ देतो. अण्णांच्या खिशात विडीचं बंडल कायम असायचं. पहिल्या झटक्यानंतरही, इस्पितळातून घरी आल्यावर, आम्हीच त्यांना काडी पेटवून दिली. तेवढीच त्यांना करमणूक, म्हणून. तेव्हा कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर!

आपल्यामुळे घरात बोलणंही बंद झालं. चुलतबहिणीची सोयरीक ठरताना सगळे गप्प राहिले. अण्णांचं काय झालं, तर 'वय झालं होतं'. ते त्रेपन्न वर्षांचे होते.

आता एक विनवणी. माझी मुलगी नववीत आहे. तिच्याकडे आपण आहात का, हे मी तपासलेलं नाही. सज्ञान झाल्यावर तीच ठरवील. तोवर आमच्या अंगणात विडी पेटणार नाही. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधून मी रक्तदाब वहीत लिहिते; आज १२२-७८ होता. आपण आलाच आहात, जा म्हणून जाणार नाही. निदान सावकाश चला.

कळावे. लोभ आवरता घ्यावा, ही विनंती.

आपली नाइलाजाची यजमान,
मांजरी बुद्रुक